दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊतच असतो का?

पत्र : माझा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीच्या सुटीत अकरा वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात दहा दिवस माझ्याकडे येतात. दोघांनाही कार्टूनचे सिनेमे आवडतात, पण तेच ते तीन-चार सिनेमे आता त्यांना तोंडपाठ झाले आहेत. त्यांचे दुसरे भाग दाखवावेत असे मी सुचवले, तर मुलगा म्हणाला, ‘आई, दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत. नावाजलेले असतील तेवढेच बघा.’ नातीचे आणखी एक सांगायचे आहे. गेल्या वर्षी ‘बॅम्बी’मध्ये पाडसाची आई गेली, तशी ती उठून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली आणि उरलेला सिनेमा तिने पाहिलाच नाही. मला इंग्रजी वाचता येते, पण भराभर बोललेले कळत नाही. मुलांबरोबर मलाही बसून पाहता येतील, असे फारसे कुणी न सांगितलेले दुसरे भाग आहेत का? – एक आजी, सांगली

आदरणीय आजी,

सप्रेम नमस्कार. आपल्या चिरंजीवांचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि ते निम्मे कोणते हे आधीच सांगितलेले बरे. १९९४ मध्ये डिस्नेने ‘अलादीन’चा दुसरा भाग थिएटरात न आणता थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायला काढला. तो कमी खर्चात उरकला होता, पहिल्या भागात जिनीला आवाज देणारे रॉबिन विल्यम्सही त्यात नव्हते, आणि तरीही कॅसेटी धडाधड खपल्या. मग पुढची बारा-तेरा वर्षे त्या कंपनीने आपल्या एकेका जुन्या सिनेमाला शेपूट जोडण्याचा सपाटाच लावला. त्यातला बराचसा माल चिरंजीव म्हणतात त्याच प्रतीचा आहे. २००२ चा ‘सिंड्रेला २’ घ्या. तो एक सिनेमा नाहीच, तीन सुटे किस्से एकापुढे एक टाचलेले आहेत. त्याच वर्षीच्या ‘टारझन अँड जेन’चीही तीच तऱ्हा. तेव्हा दुसरा भाग निवडताना तो सलग एकच गोष्ट सांगतो की दोन-तीन किस्से एकत्र बांधतो, एवढे आधी पाहावे. किस्से बांधलेले असतील, तर चिरंजीवांचा शब्द प्रमाण मानून पुढे जावे.

मात्र याच गठ्ठ्यात काही चांगले सिनेमेही दबून गेले, आणि ते दबण्याचा त्यांच्या गुणांशी फारसा संबंध नव्हता. काहींवर ‘थेट डीव्हीडीवर आलेला’ असा शिक्का बसला, काही चुकीच्या शुक्रवारी प्रदर्शित झाले. पहिल्या भागाने घाईत ओलांडलेली एखादी जागा जो दुसरा भाग पुन्हा उघडतो आणि तिथे थांबून नीट पाहतो, तो पाहण्यासारखा असतो, असे माझे आजवरचे मत आहे. ‘पुढे काय झाले’ एवढेच सांगत राहणारे भाग सहसा कंटाळवाणे निघतात.

चुकीच्या शुक्रवारचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’. हा सिनेमा १६ नोव्हेंबर १९९० रोजी अमेरिकेत लागला आणि ‘होम अलोन’ही नेमका त्याच दिवशी लागला. घरात एकट्या राहिलेल्या त्या पोराने सगळी गर्दी खेचून नेली. पहिल्या शनिवार-रविवारचे आकडे पाहून स्टुडिओने या सिनेमाच्या टीव्हीवरच्या जाहिराती काढून घेतल्या, आणि ‘द लिटल मर्मेड’ व ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या दोन गाजलेल्या सिनेमांच्या मधल्या वर्षात तो असा काही हरवला की डिस्नेच्या चाहत्यांनाही पुष्कळदा तो आठवत नाही. वास्तविक, हाताने काढलेल्या चित्रांत संपूर्णपणे संगणकावर रंग भरलेला हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा आहे. त्याआधी प्रत्येक चित्र प्लास्टिकच्या पारदर्शक तावावर उतरवून मागून ब्रशाने रंगवावे लागे. हे काम संगणकावर करणारी यंत्रणा डिस्नेने पिक्सार या संगणकचित्रे बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने उभी केली आणि तिचा पहिला पुरता वापर इथे झाला. नातवाला संगणकाची आवड असेल, तर त्याला हे जरूर सांगावे.

गोष्ट ऑस्ट्रेलियात घडते. जाळ्यात दोरखंडांनी जखडलेल्या एका प्रचंड सोनेरी गरुडिणीला कोडी नावाचा मुलगा खिशातल्या चाकूने मोकळे करतो. मोकळी होताच ती पंख उघडते, आणि त्या धक्क्याने मुलगा कड्यावरून खाली फेकला जातो. ती झेप घेऊन त्याला पाठीवर झेलते, आणि मग दोघे ढगांवर, ढगांतून, नदीच्या पाण्याला स्पर्श होईल इतके खाली असे उडत राहतात. या सगळ्या उड्डाणात संवाद जवळपास नाहीत, त्यामुळे तिथे आपण आणि नातवंडे अगदी एका पातळीवर असाल. ही गरुडीण ग्लेन कीन यांनी रेखाटली आहे. ‘द लिटल मर्मेड’ची एरियल आणि नंतरचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला श्वापद राजपुत्र हीही त्यांच्याच हातची पात्रे. तिचे एकेक पीस, मान वळवण्याची ढब, अंड्यांवर बसताना पंख आवरून घेण्याची काळजी पाहताना, चित्रकाराने पक्षी किती वेळ न्याहाळला असेल, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. तिने दिलेले एक पीस मुलगा जवळ ठेवतो आणि तेच पीस शिकाऱ्याच्या नजरेस पडते. तिथून मुलाचे अपहरण होते, उंदरांची साखळी बेटामागून बेट ओलांडत ती बातमी न्यूयॉर्कपर्यंत पोचवते, आणि बर्नार्ड व बियांका ही उंदरांची जोडी मदतीला निघते. बर्नार्डच्या खिशात बियांकाला घालायची अंगठी आहे आणि ती घालण्याची वेळ काही केल्या येत नाही. बिचाऱ्याचे हे घोंगडे शेवटपर्यंत भिजत पडते.

या सिनेमात गाणी नाहीत आणि तो सव्वा तासात संपतो. मधे जखमी अल्बट्रॉस पक्ष्यावर उंदीर शस्त्रक्रिया करू पाहतात, तो विनोदी भाग मला रुचत नाही. कथेला त्याची गरज नाही आणि लहान मुले त्यात उगाच बिचकतात. शेवटाकडे मगरींनी भरलेल्या पाण्यावर मुलाला टांगलेले दाखवले आहे, तिथे नातीने आपला हात धरला तर नवल नाही. १९७७ चा पहिला भाग पाहिलेला नसला तरी काहीही अडत नाही.

आता नातीचा विषय. आपण लिहिले आहे की पाडसाची आई गेल्यावर ती उठून गेली. १९४२ चा मूळ सिनेमाही त्या जागेवरून तसाच उठून जातो, हे आपल्या कदाचित लक्षात आले नसेल. बर्फात बंदुकीचा बार होतो, पाडस आईला शोधत फिरते, अंधारातून पित्याची भव्य आकृती पुढे येते, आई आता तुझ्याबरोबर नसेल एवढेच सांगते आणि त्याला घेऊन जाते. लगेच पुढच्या दृश्यात वसंत ऋतू आहे, पक्षी गात आहेत आणि बॅम्बी मोठा झालेला आहे. आई गेली त्या रात्री पाडस कुठे झोपले, दुसऱ्या दिवशी त्याने काय केले, फारशी ओळख नसलेल्या त्या गंभीर बापाशी त्याचे कसे जमले, हे मूळ सिनेमा सांगत नाही. कलाकृती म्हणून ते मौन फार मोठे आहे, पण सात वर्षांच्या मुलीच्या मनात त्या जागी भोक पडते, आणि आपली नात त्या भोकाच्या काठावरून उठून आपल्याकडे आली.

२००६ चा ‘बॅम्बी २’ हा सगळा सिनेमा त्या न सांगितलेल्या दिवसांचा आहे. मूळ सिनेमानंतर ६४ वर्षांनी आलेला हा भाग अमेरिकेत थेट डीव्हीडीवर आला, आणि त्यामुळे समीक्षकांनी त्याच्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. यात जंगलाच्या राजाला पोर सांभाळता येत नाही. तो घुबडाला सांगतो की या पाडसासाठी एखादी हरिणी शोध, तोवर मी पाहतो. पाडस मात्र बापाच्या मागे मागे चालते, त्याच्यासारखी मान ताठ करून उभे राहते, त्याच्यासारखी उडी मारायला जाते आणि तोंडावर पडते. एकदा त्याला स्वप्नात आई भेटते. ते दृश्य फार हळुवार आहे आणि मुलांना त्यातून दिलासाच मिळतो, असे मला वाटते. हळूहळू बापाच्या वागण्यातला ताठा विरघळत जातो. पॅट्रिक स्टुअर्ट यांनी त्या पित्याला दिलेला भारदस्त आवाज शब्द कळले नाहीत तरी पोचतो. मूळ सिनेमातली जंगलाची धुकट, जलरंगांत भिजलेली पार्श्वभूमी ही टायरस वाँग या चिनी-अमेरिकन चित्रकाराच्या शैलीची देणगी होती; दुसऱ्या भागाने ती शैली मनापासून जपली आहे. गाण्यांबाबत मात्र तसे म्हणता येत नाही, ती आजच्या रेडिओवरून उचलून जंगलात सोडल्यासारखी वाटतात.

एका जागी आपण सावध असावे. शिकारी हरणांना भुलवण्यासाठी एक शीळ वाजवतात, आणि बॅम्बीला त्या आवाजात आपली आई हाक मारते आहे असे वाटते. तो त्या दिशेने जातो, कुत्री येतात आणि तो जागीच थिजतो. बाप त्याला वाचवतो, पण ‘आईचा आवाज’ खोटा होता हे समजण्याचा तो क्षण नातीला जड जाईल. सिनेमा लावण्याआधी तिला दोन गोष्टी सांगून टाकाव्यात: एक म्हणजे आई यात परत येणार नाही, आणि दुसरी म्हणजे बाबा शेवटपर्यंत त्याच्याजवळ असतील. मुलांना गोष्टीचा शेवट आधी कळला म्हणून त्यांची मजा जात नाही. उलट पुढे धोका कुठवर आहे हे कळल्याने ती निवांत बसतात. तरीही ती मधेच उठली, तर तिला उठू द्यावे आणि सिनेमा तिथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन विचारेल. नाहीच विचारले, तर हा सिनेमा पुढच्या वर्षावर टाकावा.

आपली तिसरी अडचण भाषेची, आणि तिच्यावर एक सोपा उतारा आहे. ‘शॉन द शीप : फार्मागेडन’ या सिनेमात कुणी एक शब्दही बोलत नाही. माणसे नुसती पुटपुटतात, मेंढ्या बें बें करतात, कुत्रा गुरगुरतो, आणि तरीही दीड तासाच्या आतबाहेर चालणारी गोष्ट लहानथोर सगळ्यांना सारखीच कळते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या आर्डमन या स्टुडिओने हा सिनेमा केला आहे. प्लॅस्टिसिनसारख्या मऊ, मातीसारख्या पदार्थाच्या बाहुल्या बनवायच्या, त्या केसभर हलवायच्या आणि एकेक छायाचित्र घ्यायचे, हे त्यांचे काम. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. २०१५ च्या पहिल्या भागाचे कौतुक पुष्कळ झाले. दुसरा भाग २०१९ च्या हिवाळ्यापूर्वी ब्रिटनमध्ये लागला, अमेरिकेत तो थिएटरात न लागता २०२० च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सवर आला, आणि मग जगाला महामारीपुढे दुसरे काही सुचेनासे झाले. ऑस्करच्या नामांकनातही तो होता, पण आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

लांब कानांचे, आवाजांची नक्कल करणारे एक परग्रहावरचे पोर शेतात येऊन पडते आणि शॉन नावाचा मेंढा त्याला घरी पोचवायला निघतो, एवढीच गोष्ट आहे. ते पोर सुपरमार्केटमध्ये शिरते आणि मिठाईच्या गोळ्यांवर तुटून पडते, त्यानंतर जो काही धुमाकूळ होतो तो पाहताना आपला नातू गडाबडा लोळेल. शेतकऱ्याचे हार्वेस्टर मोडलेले असते. नव्याला पैसे हवेत म्हणून तो गावात पसरलेल्या उडत्या तबकडीच्या अफवेचा फायदा घेत शेतातच जत्रा उभी करायला काढतो. ऊसतोडीच्या हार्वेस्टरची किंमत ठाऊक असलेल्या सांगलीकरांना त्याची तगमग वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ही जत्रा उभारायला तो राखणदार कुत्र्याला राबवून घेतो, कुत्रा मेंढ्यांना राबवून घेतो, आणि मेंढ्यांच्या प्रत्येक खेळावर ‘बंदी’च्या पाट्या ठोकत सुटतो. हा कुत्रा शाळेतल्या कुठल्या सरांसारखा दिसतो, यावर नातवंडांत वाद होतील.

‘सिंड्रेला ३ : अ ट्विस्ट इन टाइम’ हा २००७ चा भाग सुचवताना मला स्वतःलाच थोडे अवघडल्यासारखे होते, कारण दुसरा भाग मी वर मोडीत काढला आहे. तरीही नातीसाठी तो सुचवतो. सावत्र आईच्या हाती परीची जादूची कांडी लागते आणि ती काळ मागे फिरवते; काचेचा बूट तिच्या अॅनास्तासिया या मुलीच्या पायात बसतो आणि मूळ गोष्टीतला सगळा चमत्कार सिंड्रेलाच्या हातून जातो. आता जादू नाही, परी नाही, तेव्हा तिला स्वतःच राजवाड्यात शिरून आपले म्हणणे मांडावे लागते. मूळ गोष्टीत नुसता नाचून गेलेल्या राजपुत्रालाही इथे काही बोलायला मिळाले आहे. राजा त्याला दरडावतो की या जिन्यावरून आता एक पाऊलही खाली टाकायचे नाही. तो वडिलांची आज्ञा अक्षरशः पाळतो आणि खिडकीतून उडी टाकतो. पण मला यात सर्वांत आवडते ती अॅनास्तासिया. म्हातारा राजा तिला आपल्या दिवंगत राणीची आठवण म्हणून जपलेला एक शिंपला दाखवतो, आणि आपल्याला जे मिळते आहे ते आपले नाही हे तिला तिथे पहिल्यांदा टोचते. दुष्ट सावत्र बहिणीला मन असते, हे मूळ सिनेमाला सांगायला वेळ नव्हता.

आपल्यासाठी म्हणून एक जपानी सिनेमा राखून ठेवला आहे. नातवंडांना नोबिता हा मुलगा आणि डोरेमॉन हे त्याचे यंत्रमांजर यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. महाराष्ट्रातल्या पोरांची एक सबंध पिढी हिंदी बोलणाऱ्या नोबिताबरोबर वाढली. २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’चा सगळीकडे गाजावाजा झाला, २०२० चा दुसरा भाग त्या मानाने मागे राहिला. नोबिताला घरात एक जुने अस्वल सापडते, ठिगळ लावून शिवलेले. ते शिवणारी आजी तो लहान असतानाच वारली. तो कालयंत्रात बसून तिला भेटायला जातो. हा मोठा मुलगा आपलाच नोबिता आहे यावर ती चटकन विश्वास ठेवते, आणि तुझी नवरी पाहायची होती रे, असे म्हणते. पुढे भविष्यातला नोबिता ऐन लग्नाच्या दिवशी पळून जातो, काळाचे इतके उलटसुलट फेरे होतात की मलाही दोनदा थांबून जुळवणी करावी लागली. नातवाला त्यातच जास्त रस वाटेल. आपण आजीची दृश्ये पाहावीत आणि जवळ रुमाल ठेवावा.

उरलेल्या दोन नावांची नुसती नोंद करतो. २०१९ चा ‘द लेगो मूव्ही २’ भावंडांच्या भांडणावर बेतलेला आहे: मोठ्या भावाच्या ठोकळ्यांच्या नगरीत धाकट्या बहिणीचे ठोकळे येऊन धुमाकूळ घालतात आणि शेवटी वैतागलेली आई सगळेच खोक्यात भरायला निघते. आपल्या घरातली दृश्ये पडद्यावर पाहून दोघे हसतील. मात्र त्यासाठी २०१४ चा पहिला भाग पाहिलेला हवा, आणि त्यातले शाब्दिक विनोद इतके झपाट्याने येतात की आपण त्या वेळी खुशाल चकल्या तळायला उठावे. दुसरा आपल्या देशातला. २००५ च्या ‘हनुमान’चे सर्वांना कौतुक होते, २००७ च्या डिसेंबरअखेर आलेला, अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिटर्न ऑफ हनुमान’ मात्र ‘तारे जमीन पर’नंतर आठवड्याभरात लागला आणि त्या लाटेत वाहून गेला. हनुमान पृथ्वीवर मारुती नावाच्या मुलाच्या रूपात जन्म घेतो, ही कल्पना मजेदार आहे. सिनेमा सगळीकडे सारखा जमलेला नाही, पण हिंदी असल्याने आपल्याला सोपा जाईल.

हे सिनेमे कुठल्या ओटीटीवर आणि कोणत्या भाषेत मिळतात ते दर काही महिन्यांनी बदलत असते, त्यामुळे मुले येण्यापूर्वीच चिरंजीवांना फोन करून शोधायला लावावे. शिळ्या कढीचे बोलणे त्यांनी काढलेच आहे, तर चुलीपाशी थोडा वेळ त्यांनीही उभे राहावे. इंग्रजी भाग असेल तर पडद्याखालची अक्षरे चालू करून द्यायला सांगावे. आपल्याला वाचता येते, तेव्हा बरेचसे काम भागेल, आणि नातवाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले तर त्याचाही तोरा राहील.

पहिल्या संध्याकाळी मेंढ्यांचा सिनेमा लावावा, कारण त्यात कुणालाच कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी गरुडिणीचा. ‘बॅम्बी २’ निदान चार दिवस उलटल्यावर, नातीला आपल्या घराची सवय झाल्यावर लावावा, आणि तोही दुपारी, उजेडात, म्हणजे मधे उठून स्वयंपाकघरात यावेसे वाटले तर तिथे दिवा लावण्याचीही वेळ येणार नाही.

आपला,
सदरलेखक